साक्ष आणि रूपबंध : एड्सचा काळ आणि कृष्णवर्णीय अमेरिकन नृत्य

एड्सच्या साथीने अमेरिकन नृत्यक्षेत्रावर केलेल्या आघाताचा इतिहास लिहिताना मृतांची यादी सहज हाती येते. त्या आघाताने समीक्षेपुढे उभा केलेला प्रश्न मात्र निसटतो. व्याधिग्रस्त देहाची साक्ष कलाकृतीचे द्रव्य झाली, तर तिचे मूल्यमापन संभवते काय, हा तो प्रश्न होय.

संकटाची साक्ष नृत्यातून देण्याची परंपरा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांना नवी नव्हती. पर्ल प्रायमस यांचे 'स्ट्रेंज फ्रूट' (१९४३) आणि कॅथरीन डनहॅम यांनी १९५१ मध्ये चिलीतील सांतियागो येथे सादर केलेले 'साउथलँड' या दोन्ही रचनांचा विषय कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्या हा होता. तेथे अन्याय करणारा समाज समोर होता आणि त्याच्याकडे बोट दाखवता येत होते. एड्सच्या बाबतीत कलंक रुग्णावरच लादला गेला. परिणामी साक्षीची जागा मौनाने घेतली. 'रेव्हेलेशन्स' (१९६०) या रचनेतून समूहाचे दुःख आणि श्रद्धा रंगमंचावर आणणारे ॲल्विन एली १ डिसेंबर १९८९ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार मृत्यूचे कारण रक्ताचा दुर्मीळ विकार असे सांगण्यात आले. आईला लोकापवाद सोसावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

बिल टी. जोन्स यांनी हे मौन मोडले. त्यांचे सहचर आणि सहकलावंत आर्नी झेन १९८८ मध्ये एड्सने दगावले. पुढच्याच वर्षी मेंडेल्सोनच्या तंतुवाद्य-अष्टकावर रचलेले 'डी-मॅन इन द वॉटर्स' जोन्स यांनी आपल्या संचातील आजारी नर्तक डेमियन ॲक्वाव्हेला यांना अर्पण केले. १९९४ मधील 'स्टिल/हिअर'साठी त्यांनी अनेक शहरांत गंभीर व्याधींनी ग्रस्त अशा व्यक्तींच्या कार्यशाळा घेतल्या आणि त्यांच्या हावभावांतून व शब्दांतून रचना सिद्ध केली. डिसेंबर १९९४ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये अर्लीन क्रोची यांनी हा प्रयोग न पाहताच त्यावर लेख लिहिला. खऱ्या रुग्णांना कलाकृतीत आणणारा कलावंत स्वतःला समीक्षेच्या कक्षेबाहेर नेतो, कारण प्रेक्षकाला करुणेखेरीज पर्याय उरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. करुणा विवेकाला गप्प करू शकते. परंतु तो ज्या कलाकृतीवर घेतला गेला, तिचा रूपबंध वेगळा होता. रुग्णांचे चेहरे आणि आवाज पडद्यावरील चित्रफितीतून येत होते. रंगमंचावर नाचत होते ते जोन्स यांच्या संचातील प्रशिक्षित नर्तक. एका देहाचा हावभाव दुसऱ्या देहाने आत्मसात करून पुनःपुन्हा घडवला की तो निव्वळ साक्ष राहत नाही. त्यात निवड, लय आणि संरचना येतात. या तिन्ही गोष्टी समीक्षेच्या अधिकारातल्याच आहेत. मात्र त्यांची पारख करायची तर प्रयोग पाहावा लागतो. एलींचे मौन कलंकाच्या भयातून आले होते. न पाहण्याचा निर्णय तत्त्वनिष्ठेतून घेतलेला असला, तरी त्याने व्याधिग्रस्त देह पुन्हा दृष्टीआडच केला.