परळी औष्णिक विद्युत केंद्र : हवेचे प्रदूषण आणि कार्बन उत्सर्जन

परळी वैजनाथ (जि. बीड) येथील महानिर्मितीचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र. १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या संचाने ते सुरू झाले. १९८० च्या दशकातले २१० मेगावॉटचे तीन संच आता बंद झाले असून प्रत्येकी २५० मेगावॉटचे सहा, सात आणि आठ क्रमांकांचे संच उरले आहेत. या केंद्राचा कार्बन आपण नीट मोजतो. त्याची राख मात्र चुकीच्या जागी मोजतो. कार्बन डायऑक्साइडसाठी जळालेल्या कोळशाचे वजन आणि प्रत कळली की हिशेब होतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशभरच्या वीजकेंद्रांचा असा हिशेब प्रसिद्ध करते. एका युनिटमागे साधारण एक किलो वायू धरला, तर ७५० मेगावॉटचे केंद्र ६० टक्के भाराने वर्षभर चालल्यास सुमारे ३९ लाख टन वायू बाहेर पडेल. हा वायू कोठेही सुटला तरी हवामानावरचा परिणाम तोच, म्हणून एक आकडा पुरतो. राखेचे तसे नाही. ती कोणत्या गावावर, कोणत्या ऋतूत, किती बारीक होऊन पडते, यावर तिचा अपाय ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की, जुने संच गेले, उरलेल्यांना २०१५ च्या नियमांनुसार घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे, आणि राख पकडणारी ईएसपी यंत्रणा धुरातली ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवू शकते. चिमणीपुरते हे मान्य करावे लागेल. पण भारतीय कोळशात राखच बहुधा ३० ते ४५ टक्के असते, आणि अडवलेली राख नाहीशी होत नाही. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात किंवा कोरडी भरून सिमेंट कारखाने आणि वीटभट्ट्यांकडे नेतात. तळे उन्हाळ्यात सुकले, गाडी न झाकता निघाली, की तीच राख जमिनीलगत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर उडते. धूर वर नेऊन पातळ करणाऱ्या उंच चिमणीचा तिथे काही उपयोग नसतो. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला, तो योग्यच. मात्र वापर वाढला की वाहतूकही वाढते, आणि ती धूळ चिमणीवरच्या मोजणीत कधीच येत नाही. शिवाय २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली निवडक शहरे आहेत, त्यांत परळी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मराठवाड्यात उन्हाळ्यात शेतांची माती उडतेच, वीटभट्ट्यांचा धूरही असतो; मग दोष केंद्राला कसा द्यावा? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळू शकते. केंद्रातल्या भट्टीच्या प्रचंड उष्णतेत वितळून थिजल्यामुळे उडत्या राखेचे बरेच कण काचेच्या गोल मण्यांसारखे असतात, तर मातीचे कण वेडेवाकडे. राख तळ्यातली की चिमणीतली, हा प्रश्न मग उरतो. पाण्याअभावी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. असे बंद काळ अभ्यासकाला फार मोलाचे असतात: चिमणी थंड असतानाही गावच्या हवेत गोल कण भरपूर सापडले, तर ते साठलेल्या राखेतूनच आलेले असणार.