वंगण, टू-टी आणि ऑईल : खानदेशातील मिसळणीचा इतिहास

खानदेशच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना रस्ते, घाट, आगगाडी व बाजारपेठा यांचा विचार होतो. चाक ज्याच्या आधारे फिरते त्या स्निग्ध पदार्थाचा विचार सहसा होत नाही. आज जळगाव वा धुळे येथील कोणत्याही गॅरेजात मोटारसायकलचे ऑईल बदलावयास गेले असता मालकापुढे दोन प्रश्न येतात. ऑईल जाड घालावे की पातळ, हा पहिला. जुने ऑईल काढण्यापूर्वी इंजिन धुणारे अथवा नव्या ऑईलबरोबर त्याचा गुण वाढविणारे एखादे द्रव्य घालावे काय, हा दुसरा. हे प्रश्न अगदी अलीकडचे वाटतात. परंतु ते ज्या शब्दांत विचारले जातात व ज्या सवयीने सोडविले जातात, ती शब्दसंपत्ती व ती सवय बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ 'वंगण' या शब्दापासूनच करणे सोयीचे होईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तीन दृष्टांत दिले आहेत. तेलाने मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आख जसा दृढ होतो, तसे शरीर स्नेहाने होते, असा त्यांचा आशय आहे. आखाला वंगण देण्याच्या क्रियेस तेथे 'उपाङ्ग' हा शब्द आला आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील 'प'चा 'व' होतो आणि जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. त्यानुसार 'उवंग' असे रूप सिद्ध होते. त्यातील आद्य 'उ' लोपला की मराठी 'वंगण' मिळते, आणि पहिल्या दोन अवयवांचा संकोच झाला की हिंदीतील 'ओंगना' हे क्रियापद मिळते. या दोन्ही रूपांचे मूळ एकच मानणे मला सयुक्तिक वाटते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्या आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यास घालविला व 1926 च्या अखेरीस तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या व्युत्पत्तिविषयक कार्याचा वारसा सांगणाऱ्या या प्रदेशात अशा एखाद्या व्यवहारातील शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत ठरू नये.

शब्दाइतकीच त्यामागील कृतीही महत्त्वाची आहे. लाकडी तुंब्याच्या गाडीचे वंगण ही बहुधा घरी सिद्ध करावयाची वस्तू होती. एरंडेल अथवा हाताशी असलेले दुसरे तेल घ्यावयाचे, चिंध्या वा ताग त्यात भिजवावयाचा, आणि तो आखावर गुंडाळून तुंबा चढवावयाचा. गाडीच्या साटीखाली वंगणाचे बांबूचे नळकांडे टांगलेले असे. कापसाच्या गाड्या घेऊन जिनापर्यंत जाणाऱ्या शेतकऱ्यास चाकाचा आवाज ऐकूनच वंगण संपल्याचे कळे. तेल कितपत दाट असावे, उन्हाळ्यात काय घालावे, हे तो बोटांच्या चिमटीत तेल घेऊन ठरवी. येथे 'जाड', 'पातळ', 'चिकट' ही विशेषणे म्हणजे प्रत्यक्ष मोजमापच होते. वंगणाची मिसळण वापरणाऱ्याच्या हाती होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

हा अधिकार प्रथम आगगाडीपाशी सुटला. 1860 नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेमुळे भुसावळचे महत्त्व वाढले. डब्यांच्या आसपेट्यांत तेलाने भिजविलेली सुताची गुंतवळ भरलेली असे. वरवर पाहता ही कृती गाडीवानाच्या कृतीहून फारशी निराळी नव्हती. परंतु कोणते तेल, किती आणि केव्हा, हे आता कंपनीचे नियम ठरवू लागले.

खनिज तेलांच्या आगमनाबरोबर भाषेतही एक वाटणी झाली. बियांचे ते 'तेल' राहिले. जमिनीतून निघालेल्या तेलांना मात्र मराठीने निराळी नावे दिली. 'रॉकेल' हे 'रॉक ऑईल'चे आणि 'घासलेट' हे 'गॅसलाईट'चे मराठी रूप होय. यंत्रात घालावयाचे ते 'ऑईल' झाले. आजही कोणी इंजिनात 'तेल' घालावयास सांगत नाही. जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी 'मोबिल ऑईल' हा शब्द कोणत्याही कंपनीच्या इंजिन ऑईलसाठी येतो. मुळात ते व्हॅक्युम ऑईल कंपनीच्या मालाचे व्यापारी नाव होते. 'कॅस्ट्रॉल' या नावाचा इतिहास तर आपल्या विषयास अधिकच जवळचा आहे. सी. सी. वेकफिल्ड यांच्या कंपनीने 1909 मध्ये हे नाव स्वीकारले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. कारण त्या ऑईलात एरंडेलाचा अंश होता. एरंडेल तापलेल्या धातूस घट्ट चिकटून राहते व पेट्रोलात सहजी विरघळत नाही. म्हणूनच पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या इंजिनांत तेच वापरीत. गाडीवानास ठाऊक असलेलाच हा गुण होता. मात्र उष्णतेने एरंडेलाचा गोंदासारखा थर जमतो. आखावरून असा थर खरवडून काढता येतो. इंजिनाच्या बारीक मार्गांतून तो काढता येत नाही. खनिज तेलाने एरंडेलाची जागा घेतली, त्याचे हे एक मोठे कारण होय.

1960 नंतरच्या दशकांत खानदेशच्या रस्त्यांवर राजदूत व जावा, आणि 1973 पासून येझदी, या मोटारसायकली दिसू लागल्या. ही सर्व टू-स्ट्रोक यंत्रे होत. त्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात जाण्यापूर्वी क्रँककेसमधून जाते. त्यामुळे तेथील भागांना लागणारे ऑईल पेट्रोलातच मिसळावे लागते, व ते पेट्रोलाबरोबर जळून जाते. या ऑईलास 'टू-टी' म्हणू लागले. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. आगगाडीने वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतलेली मिसळण मोटारसायकलने त्यास परत दिली. पेट्रोलपंपावर माप पुढे करून टू-टी किती घालावयाचे, ते चालक सांगे. ऑईल कमी पडले तर पिस्टन धरे. अधिक झाले तर धूर होई, प्लग काळा पडे व सायलेन्सर काजळीने भरे. उन्हात दूधाच्या किटल्या लादून लांब पल्ला गाठणारा दूधवाला थोडे अधिकच टू-टी घाली, व त्याचे ते करणे अनुभवास धरून होते. 'थोडे वरून घातलेले बरे' हा न्याय एका संपूर्ण पिढीच्या हातांत याच काळात मुरला.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक इंजिनाने हा व्यवहार पुन्हा पालटला. सुमारे एक लिटर ऑईल इंजिनाच्या तळाशी राहते आणि तेच पुनःपुन्हा फिरते. पेट्रोलात काही मिसळावयाचे उरले नाही. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत हेच ऑईल पिस्टन, गिअर आणि ऑईलात बुडालेल्या क्लचप्लेटा या तिघांनाही पुरवावे लागते. मोटारकारमध्ये इंजिन व गिअरबॉक्स यांची ऑईले निरनिराळी असतात. हा भेद गॅरेजातील चर्चेत फार क्वचित ऐकू येतो, आणि बहुतेक नुकसान येथूनच होते.

मिसळण संपली असे वर म्हटले. वस्तुतः ती कारखान्यात गेली. 1930 नंतर ऑईलात काजळी धरून ठेवणारी व भाग स्वच्छ ठेवणारी द्रव्ये घालू लागले. 1940 नंतर जस्त, गंधक व फॉस्फरस यांचे झीज रोखणारे संयुग आले. अशी द्रव्ये बनविणारी लुब्रिझॉल इंडिया ही कंपनी भारत सरकारच्या भागीदारीत 1966 मध्ये मुंबईस निघाली. इंडियन ऑईलचे 'सर्व्हो' 1972 मध्ये बाजारात आले. आज डबा उघडून जे ओतले जाते त्याचा बराचसा अंश अशा द्रव्यांचाच असतो, आणि त्यांचे परस्पर प्रमाण परीक्षेने ठरविलेले असते. म्हणजे बाटलीतून वरून घालावयाचे द्रव्य हे आधीच मिसळलेल्या पदार्थात केलेली दुसरी मिसळण होय. ज्या चालकाच्या हाताला टू-टीची सवय होती, त्यास डब्यातील ऑईल अपुरे वाटावे हे स्वाभाविकच होते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मोटारसायकलचे ऑईल बदलताना एका गॅरेजात घर्षण कमी करणाऱ्या द्रव्याची बाटलीही ओतण्यात आली. आठवड्याभरातच धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगच्या घाटात इंजिनाचा आवाज चढे, पण वेग चढेना. क्लचप्लेटा घसरत होत्या. क्लच तर घर्षणावरच चालतो. तेच कमी केल्यावर दुसरे काय होणार? ऑईल आणि प्लेटा दोन्ही बदलाव्या लागल्या. याच कारणास्तव जपानी मोटार उद्योगाच्या 'जासो' या मानकसंस्थेने 1998 मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकलींसाठी निराळे मानक आणले. ओला क्लच असलेल्या गाडीस 'एमए' चिन्हाचे ऑईल लागते. 'एमबी' हे कमी घर्षणाचे ऑईल प्रामुख्याने क्लच निराळा असलेल्या स्कूटरांसाठी असते. डब्यावरील या दोन अक्षरांकडे किती गिऱ्हाइके पाहतात?

जाडपणाविषयी मात्र मेकॅनिकास सर्वस्वी दोष देता येणार नाही. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 1911 मध्ये ऑईलांची जाडी अंकांनी सांगण्याची रीत घातली. '10डब्ल्यू-30' यातील पहिला अंक थंडीतील वाहतेपणाचा, दुसरा शंभर अंश सेल्सिअसला असणाऱ्या जाडीचा. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक इंजिने हवेनेच निवतात. तेव्हा झिजलेल्या, ऑईल खाणाऱ्या जुन्या इंजिनात '20डब्ल्यू-50' सुचविणारा मेकॅनिक गाडीवानाचेच ज्ञान पुढे चालवीत असतो, आणि काही इंजिनांना निर्माताही तेच सांगतो. परंतु ज्या नव्या इंजिनासाठी निर्मात्याने '10डब्ल्यू-30' सांगितले आहे, त्याचे मार्ग त्याच मानाने बारीक केलेले असतात. तेथे जाड ऑईल सकाळी इंजिन सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि पेट्रोलही अधिक जाळते. बाहेरच्या उन्हाने सिलिंडरातील उष्णता जितकी वाढते असे आपणांस वाटते, तितकी ती वाढत नाही.

'काळे' या विशेषणाची गत याहून वाईट झाली आहे. बैलगाडीचे वंगण काळे पडले म्हणजे त्यात माती व लाकडाचा भुगा मिसळला, असा सरळ अर्थ होता. आजचे ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवते म्हणून काळे दिसते. ते त्याचे नेमलेले कामच आहे. ऑईल काळे दिसले की इंजिन आतून घाण झाले, ही समजूत या जुन्या अर्थातून आली, आणि त्या समजुतीवर धुण्याच्या द्रव्यांचा खप अवलंबून आहे. पूर्वी हे काम रॉकेलने वा डिझेलने करीत. काही गावी अजूनही करतात. सर्व बोल्ट उघडले तरी त्याचा काही अंश आत राहतोच व नवे ऑईल पातळ करतो. बाजारातील तयार द्रव्याने हा धोका कमी होतो, पण वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑईलाचा गाळ एकदम सुटला तर तो जाळीत अडकून ऑईलाचा प्रवाहच रोखू शकतो. ठराविक अंतराला ऑईल बदलणाऱ्यास त्याची गरज नाही. इंजिन गरम असताना ऑईल सोडले व थोडा वेळ निथळू दिले, की पुरते.

जुन्या ऑईलाचे पुढे काय होते, हाही या इतिहासाचाच भाग आहे. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते व ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावयाचे असते. तथापि बरीच वर्षे गॅरेजातील 'जळके ऑईल' डब्यातून खेड्यात जाई व बैलगाडीच्या आखाला लावले जाई. पुढे रबरी टायरांची 'डनलॉप' गाडी आली, तिच्या बेअरिंगांस ग्रीस लागू लागले, आणि लाकडी तुंब्याबरोबर साटीखालचे नळकांडेही गेले. 'वंगण' हा शब्द मात्र गेला नाही. शासकीय परिभाषेत व पाठ्यपुस्तकांत तो 'वंगण तेल' या जोडशब्दात आढळतो. गॅरेजात त्यास कोणी ओळखत नाही.