अकराशेच्या इंजिनाची कुळकथा

एखाद्या यंत्राचे कूळ धुंडाळावयाचे झाल्यास ते जन्मले कोठे, याहून ते पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त कोठे झाले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आणि ज्या यंत्राविषयी हे विधान सर्वांशाने खरे आहे, ते म्हणजे फियाट अकराशे मोटारीचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन. ज्याच्या बळावर इटलीतील बेताच्या ऐपतीच्या शर्यतबाजांनी आपली हौस भागविली, तेच इंजिन यवतमाळ, पुसद आणि वणी येथील मिस्त्र्यांनी उघडून, मापून, घासून पुन्हा पुन्हा उभे केले. शर्यतीची कला आणि दुरुस्तीची कला या वरकरणी भिन्न दिसणाऱ्या विद्या एकाच गरजेच्या पोटी, म्हणजे साधनांच्या टंचाईच्या पोटी, जन्मास आल्या, हे या कुळकथेचे मर्म आहे.

मूळ पुरुषाचा जन्म १९३७ सालचा. ट्युरिन येथील फियाट कारखान्यात दांते जाकोसा नामक तरुण अभियंत्याने ‘५०८ सी’ या कुटुंबवत्सल मोटारीसाठी जे इंजिन आखले, त्याच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर होती. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह डोक्यावर आणि शक्ती अवघी ३२ अश्वांची. शर्यतीचा विचार या आखणीत मुख्य नव्हता. परंतु महायुद्ध संपले तेव्हा इटलीत ना पैसा उरला होता ना नवे धातू, आणि अशा काळात पिएरो दुसियो या ट्युरिनच्या उद्योगपतीने जाकोसाच्याच साहाय्याने याच इंजिनाभोवती ‘चिसितालिया डी-४६’ ही एकासनी शर्यतगाडी उभी केली. तेलाचे पात्र इंजिनाखालून हलवून निराळी टाकी दिली, कॉम्प्रेशन वाढविले, आणि घरगुती यंत्राची शक्ती साठ अश्वांच्या घरात नेली. सप्टेंबर १९४६ मध्ये ट्युरिनच्या कोप्पा ब्रेत्सी शर्यतीत या गाड्यांचा ताफा उतरला. विजय स्वतः दुसियोने मिळविला, पण लोकांच्या स्मरणात राहिला तो, सुकाणूचक्र निखळून हाती आले तरी गाडी हाकीत राहिलेला ताझिओ नुव्होलारी.

या प्रयोगाला नियमांची सनद मिळाली ती काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या खटपटीने. इटलीत १९५८ साली सुरू झालेल्या आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेल्या ‘फॉर्म्युला ज्युनिअर’ शर्यतींची मुख्य अट अशी की, इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचेच असावे, आणि चारशे किलो वजनाच्या गाडीस ११०० घनसेंटिमीटरांहून मोठे नसावे. मोदेनाच्या स्तांग्युएल्लिनी कारखान्याने अकराशेचे इंजिन बसवून पहिल्या दोन हंगामांत आपला अंमल बसविला; १९६० मध्ये मागे इंजिन असलेल्या लोटस आणि कूपर गाड्या आल्या, आणि तो अंमल ओसरला. तथापि सामान्य मोटारीचे इंजिन कसबाने बांधून शर्यतीस लायक करता येते, हा सिद्धांत तोवर प्रस्थापित होऊन चुकला होता.

हिंदुस्थानात हे कूळ आले ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या आणि पुढे फियाटशी करार झाला. मात्र १९५४ साली अकराशे तयार होऊ लागली तेव्हा वालचंद हयात नव्हते, ते १९५३ सालीच निवर्तले होते. तीच मोटार नावे पालटीत ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’, ‘डिलाइट’ आणि अखेर ‘पद्मिनी’ या नावाने शतक सरेतोवर बनत राहिली, आणि ६८ बाय ७५ हे माप तिने अखेरपर्यंत सोडले नाही. परवान्यांच्या त्या राज्यात नवी मोटार मिळण्यास वर्षानुवर्षे खोळंबावे लागे. तेव्हा हाती असलेली मोटार टाकून देण्याची चैन कोणास परवडणार? चाळीस वर्षे एकच माप टिकल्यामुळे तालुक्याच्या मिस्त्रीलाही त्याचे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे तोंडपाठ झाली, आणि टंचाईने जी सक्ती केली तिचेच रूपांतर कालांतराने विद्येत झाले.

यवतमाळ जिल्ह्यात या विद्येला जमीन आधीच तयार होती. कापसाच्या या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. त्या कापसासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ ही किलिक निक्सन कंपनीची अरुंद लोहवाट आली, जिच्यावर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ‘शकुंतला’ ही गाडी ओढीत राहिले. मागोमाग विहिरींवर ऑइल इंजिने धडधडू लागली. या सर्व यंत्रांचा प्राण एकच, गोल आणि सरळ कोरलेला सिलिंडर. आणि त्या कोरणीचा आद्य पुरुष म्हणजे जॉन विल्किन्सन, ज्याने तोफांची नळी कोरण्याचा अनुभव गाठीशी असताना १७७५ साली, दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर पाते बसवून, जेम्स वॅटच्या वाफयंत्रास हवा तसा सिलिंडर कोरून दिला. आज लेथवाल्याकडे ब्लॉक नेऊन ‘बोअर मारून द्या’ म्हणणारा मिस्त्री नकळत त्याच परंपरेचा वारसा चालवितो.

शर्यतीसाठी बोअर मारताना मात्र एक हिशेब ध्यानी ठेवावा लागतो, आणि जुन्या मोटारीच्या हौशी माणसाची पहिली परीक्षा तेथेच होते. ६८ मिलिमीटर व्यासाला घनफळ १०८९ येते. दोन दशांश मिलिमीटर वाढविल्यास ते १०९६ होते. चार दशांश वाढविताच ११०२ होऊन गाडी अकराशेच्या वर्गातून बाद ठरते. आणि एक मिलिमीटरचा ओव्हरसाईज पिस्टन घातल्यास ११२२ भरते. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला जो मोठा पिस्टन आयुष्य देतो, तोच शर्यतीत तिला अपात्र ठरवितो. म्हणून झिजलेल्या ब्लॉकला स्लीव्ह टाकून मूळ मापावर आणणे, हाच अशा वेळी शहाणपणाचा मार्ग होय.

परंतु बोअर मारण्यापूर्वी दुखणे कोठे आहे याचा निवाडा झाला पाहिजे, कारण जो रोग ओळखल्यावाचून इंजिन उघडतो त्याचा पैसाही जातो आणि रोगही राहतो. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्यात ते कमी भरल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच घटला असेल तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले आहे, असे बहुधा समजावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला असता सतत निळा धूर निघणे हे रिंगांचे लक्षण. उतारावर पाय उचलून पुन्हा दाबताच धुराचा एकच लोट उठणे हे व्हॉल्व्ह-गाइडचे. बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असल्याने तापल्यावर दोहोंचे प्रसरण सारखे होत नाही, पाणी कमी पडल्यास हेड वाकते, आणि ते घासून सपाट करावे लागते. शर्यतबाज कॉम्प्रेशन वाढविण्यासाठी तेच हेड मुद्दाम घासतो, पण लोभाने अधिक घासल्यास इंजिन ठोके देऊ लागते. क्रँकला तीनच मेन बेअरिंगे असल्याने चढत्या फेऱ्यांत तो लवतो. म्हणून चारही कनेक्टिंग रॉड वजनास सारखे करून क्रँक आणि फ्लायव्हील बॅलन्स करून घेणे, हे कार्बोरेटरचे जेट बदलण्याहून अगत्याचे आहे. आणि वैशाखात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, धडधाकट इंजिन चढावर अचानक दम तोडते तेव्हा दोष बहुधा इंजिनात नसतोच. पंपात पेट्रोलची वाफ धरलेली असते, आणि पंपावर ओले फडके गुंडाळणे हा त्यावरचा फियाटवाल्यांचा सर्वमान्य उतारा होय.

शर्यतीची खुमखुमी यवतमाळ जिल्ह्यास नवी नाही. सेकंदाच्या फरकाने बैलजोड्यांचा निकाल लावणारा शंकरपट येथे पूर्वापार आहे. मोटारींच्या बाबतीत मात्र मद्रासजवळील शोलावरमची, महायुद्धकालीन विमानांसाठी बांधलेली धावपट्टी हेच अनेक वर्षे देशाचे मुख्य मैदान होते; परदेशी यंत्रे दुर्मिळ असताना तेथे फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड हेराल्ड यांसारख्या गाड्या घरच्या कसबावर एकमेकींशी झुंजल्या.

आता काळ पालटला आहे. मुंबईची अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, ज्यासाठी चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. तेव्हा ज्यांच्या वाड्यात वा गोठ्यालगतच्या पडवीत जुनी अकराशे उभी असेल त्यांस विनंती अशी की, तिला भंगारात घालू नये. शर्यतीची हौस असल्यास दुसरा ब्लॉक आणि दुसरे हेड मिळवून त्यांवर प्रयोग करावेत, मूळचे इंजिन तेल लावून निराळे जपावे, आणि जुन्या मिस्त्र्याला काम सांगण्याआधी त्याच्याजवळ बसून त्याची मापे वहीत उतरवून घ्यावीत.