सर्दी-पडसे

सर्दी-पडसे : नाक व घसा यांच्या अंतस्त्वचेला विषाणूंमुळे होणारा अल्पकालीन संसर्ग. तो बहुधा ऱ्हायनोव्हायरसमुळे होतो. त्याचे शंभराहून अधिक प्रकार असल्याने पडसे पुनःपुन्हा होते आणि लसही निघालेली नाही. भिजल्याने पडसे होते, ही समजूत चिवट आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे 1946 मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओलेत्यानेच गार वाऱ्यात उभे केले गेले. नुसत्या गारठ्याने पडसे झाले नाही, त्यासाठी नाकात विषाणू जावाच लागला. मग थंडीतच साथ का, हा आक्षेप रास्त आहे. थंडीत माणसे दारे-खिडक्या लावून जवळजवळ बसतात, शिवाय हा विषाणू नाकातल्या 33–35 अंश सेल्सियस तापमानाला अधिक जोमाने वाढतो. म्हणजे गारठा फार तर साथीदार.

‘प्रतिजैविकाने आठवड्यात बरे वाटले’ हा अनुभव खोटा नाही, निष्कर्ष चुकीचा आहे; पडसे एरवीही सात-दहा दिवसांत ओसरते. हिरवट शेंबूड पांढऱ्या पेशींमुळे होतो, तेवढ्यावरून जिवाणुसंसर्ग ठरत नाही. विश्रांती, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, अंगदुखीला पॅरासिटामॉल एवढे बहुधा पुरते. मधाने खोकला थोडा निवतो, पण वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नये. वाफाऱ्याच्या पातेल्याने मुले भाजतात, हे मात्र घरोघरी विसरले जाते. साबणाने हात धुणे हा साधा प्रतिबंध. धाप लागल्यास किंवा ताप तीन दिवसांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे.