मुळशी धरणग्रस्तांच्या पूर्वजांचा शोध

मुळा-नीळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणात मुळशी खोऱ्यातील गावे गेली. 16 एप्रिल 1921 रोजी सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. 1924 पर्यंत तो मोडला आणि कुटुंबे पांगली. आज अनेक वंशजांकडे आडनाव, कुलदैवत आणि पाण्याखालच्या गावाचे नाव एवढेच उरले आहे.

शोधाला तेवढे पुरते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व आडनावानुसार लावलेल्या असतात. यात्रेला आलेला माणूस बाप, आजा, भाऊ, मुलगे सांगतो. उपाध्याय ते टिपून घेतो. एका नोंदीत तीन-चार पिढ्या हाती लागतात. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी 'कोतवाल बुका'त, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये सापडतात. भूसंपादनाच्या कागदांत खातेदाराचे नाव व सर्व्हे नंबर असतो. त्याहून मागचे दप्तर पुणे अभिलेखागारात आहे.

यांतील बरेच कागद मोडी लिपीत आहेत. त्यामुळे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावे लिहून घ्यावीत आणि मग मोडी जाणकाराला सोबत घ्यावे.