दोन बाजू डोंगराच्या, दोन दप्तराच्या

खानदेश म्हटले की आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्राच्या महसुली नकाशावर मात्र या नावाचा ना जिल्हा आहे, ना तालुका, ना विभाग. २१ ऑक्टोबर १९६० रोजी पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाला धुळ्याचे नाव मिळाले, आणि शासनापुरता खानदेश संपला. लोकांच्या बोलण्यातून तो गेला नाही. त्याचे कूळ सांगायची वेळ आली की बहुतेक जण फारुकी सुलतानांपाशी जाऊन थांबतात, काही त्याही मागे यादवांच्या काळात शिरतात. मला ही कुळकथा अपुरी वाटते. नाव जुने आहे यात वाद नाही. पण त्या नावाखाली आज आपण जेवढी भूमी धरतो, तिची हद्द फारुकींनी आखलेली नाही, मोगलांनी नाही आणि पेशव्यांनीही नाही. ती १८१८ नंतर धुळ्यात बसलेल्या कलेक्टरच्या दप्तरात तयार झाली. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांनी तिला उत्तर आणि दक्षिण दिली. पूर्व आणि पश्चिम मात्र प्रत्येक राजवटीने आपापल्या सोयीने ठरवली.

आधी भूगोल पाहू, कारण या मताला पहिला विरोध तिथूनच होईल. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. तापी खचदरीतून पश्चिमेला जाते. या खचदरीत नदीने आणलेल्या गाळाचा जाड थर साचला आणि त्यावर कापसाची काळी जमीन तयार झाली. उत्तरेकडून सातपुडा नदीच्या इतका जवळ आहे की सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या तिकडच्या नद्या आखूड आणि उताराच्या. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई लांबून येतात. गिरणा आणि पांझरा तर थेट सह्याद्रीतून निघतात. पाऊस सगळीकडे सारखा नाही. नवापूरकडे घाटमाथ्याच्या शेजारामुळे तो भरपूर पडतो. तिथून पूर्वेला शिंदखेडा-धुळ्याच्या पट्ट्यात आले की सह्याद्रीच्या आडोशामुळे तो जवळपास निम्म्यावर येतो, आणि जळगावकडे पुन्हा थोडा वाढतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्याच उन्हात रावेर-यावलची केळी उभी राहते, ती सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या थरांत मुरलेल्या पाण्यावर. तापीचे पात्र काठापेक्षा इतके खोल आहे की तिचे पाणी सहजासहजी शेतात चढत नाही. म्हणून या प्रदेशाची जुनी सिंचनकला मुख्य नदीवर वाढली नाही, उपनद्यांवर वाढली. पांझरा आणि मोसमच्या काठी बंधारा, पाट आणि पाटकरी यांच्या जोरावर चाललेली फड पद्धत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे.

एवढे ठसठशीत खोरे असताना हद्द माणसांनी आखली असे कसे म्हणता, असे कोणी विचारील. उत्तर या खोऱ्याच्या आकारातच आहे. उत्तर-दक्षिण भिंती पक्क्या आहेत, पण दोन्ही टोके उघडी आहेत. पूर्वेला खोरे न तुटता बऱ्हाणपुरात जाते, आणि पूर्णेच्या काठाने वऱ्हाडात शिरते. पश्चिमेला ते उकाईकडे गुजरातेत उतरते. कुठे थांबायचे हे जमीन सांगत नाही. दक्षिणेची भिंतही अखंड नाही. गिरणा जिथून येते त्या मालेगाव-कळवणकडे ती मोकळीच आहे. इतिहासात खानदेशच्या सीमा जिथे जिथे सरकल्या, तिथे तिथे नेमकी हीच मोकळी तोंडे दिसतात. सातपुड्याच्या कण्यावरून सीमा कोणी फारशी हलवली नाही.

आता जुनी राज्ये पाहू. मलिक राजा फारुकी याला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर मिळाले, आणि तापीकाठचे ते ठाणे या घराण्याची पहिली राजधानी झाले. त्याच्या मुलाने, नासिरखानाने, असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवले. तेव्हापासून या राज्याचे केंद्र पूर्वेला, असीरगड-बऱ्हाणपूरच्या जोडीत राहिले. पश्चिमेच्या सुलतानपूर-नंदुरबारवर दीर्घकाळ गुजरातचा हक्क होता. फारुकींकडे तो भाग आला तो सोळाव्या शतकात. बागलाणात तर वेगळेच राजे नांदत होते. १६०१ साली असीरगड पडला, अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हटले. ‘ऐन-ए-अकबरी’त या सुभ्याची लांबी ७५ कोस आणि रुंदी ५० कोस दिली आहे, आणि त्याचे एक टोक म्हणून लळिंगचा उल्लेख आहे, जिथून पुढे अहमदनगरचा मुलूख सुरू होई. लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेला, आग्रा रस्त्यावर उभा आहे. म्हणजे इंग्रजांनी ज्या गावाला पुढे जिल्ह्याचे ठाणे केले, ते गाव अकबराच्या सुभ्याच्या अगदी काठाशी होते. आणि नंदुरबार त्याच ग्रंथात माळवा सुभ्याच्या सरकारांत मोजलेले आहे. शहाजहानच्या काळात बागलाण जिंकले गेले आणि सुभा फुगला; अठराव्या शतकात निजाम, पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्यात तो परगण्यापरगण्याने वाटला गेला. ज्या मुलखाच्या मधोमध आज धुळे आहे आणि ज्यात बऱ्हाणपूर नाही, असा खानदेश १८१८ पूर्वी मला कुठेच सापडत नाही.

१८१८ मध्ये होळकरांनी मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख सोडला, थाळनेरच्या किल्लेदाराला इंग्रजांनी फासावर दिले आणि मालेगावच्या अरबांशी त्यांची जिकिरीची लढाई झाली. त्यानंतर एल्फिन्स्टनच्या हाताखालचा कॅप्टन जॉन ब्रिग्ज या प्रांताची व्यवस्था लावायला आला. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारा हाच तो ब्रिग्ज. त्याने ठाण्यासाठी धुळे निवडले. १८१९ साली तिथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती, म्हणजे ते एक मोठेसे खेडे होते. पण ते मुंबई-आग्रा रस्त्यावर होते आणि नव्या मुलखाच्या मध्याजवळ होते. या एका निर्णयाने खानदेशचे तोंड फिरले. चारशे वर्षे जो प्रदेश बऱ्हाणपूरकडे पाहून चालला, त्याचा सारा, न्याय आणि पोलिसांचा कारभार आता पश्चिमेकडे झाला. बऱ्हाणपूर तेव्हा शिंद्यांकडेच राहिले. पुढे १८६० च्या सुमारास तेही इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा दोन्ही मुलूख एकाच सत्तेखाली होते आणि जुना सुभा पुन्हा सांधता आला असता. तसे झाले नाही. बऱ्हाणपूर मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्याला जोडले गेले, कारण मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत ही दोन वेगळी दप्तरे होती. फारुकींची राजधानी आज मध्य प्रदेशात आहे, ती या कारकुनी सोयीमुळे. मराठी माणसाने त्याची खंत बाळगावी असे मला वाटते, कारण रावेरहून बऱ्हाणपूरला जाताना ना माती बदलते ना पीक.

याच काळात जिल्हा आतून घडत होता. १८२५ साली जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारायला घेतली, आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. सातपुड्यातल्या काठी, चिखली, सिंगपूर अशा मेवासी संस्थानांवर खानदेशच्या कलेक्टरची देखरेख आली. १८४४ च्या सुमारास शिंद्यांचे यावल, चोपडा, पाचोरा हे परगणे मिळाले, तेव्हा तापीकाठचा तुटक पट्टा सलग झाला. १८५२ मध्ये जमीनमोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल इकडचे शेतकरी हजारोंनी जमले आणि त्यांनी मोजणी अडवली. या घटनेकडे मी दंगा म्हणून पाहत नाही. वेगवेगळ्या जुन्या धन्यांचा मुलूख एकाच मोजणीच्या साखळीखाली आला, आणि वेगवेगळ्या गावांनी त्याला एकत्र येऊन जाब विचारला, हे त्यातले महत्त्वाचे. सारखा सारा आणि सारखी कचेरी यांनी सारखी तक्रार निर्माण केली. प्रदेशाची जाणीव अशीच वाढते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्याने निघाला, तेव्हा मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे तालुके खानदेशातून काढून त्याला दिले गेले. त्या दिवसापासून खानदेशची दक्षिण-पश्चिम सीमा आज दिसते तशी झाली.

भाषेचा आक्षेप याहून वजनदार आहे. खानदेश हा अहिराणीचा मुलूख, आणि भाषा काही कलेक्टर घडवत नाही, असे म्हणता येईल. ग्रिअर्सननेही आपल्या भाषिक पाहणीत ‘खानदेशी’ अशी स्वतंत्र नोंद केली आहे. पण भाषेचा नकाशा या तीन जिल्ह्यांवर ठेवून पाहिला तर तो बसत नाही. सटाणा आणि मालेगावच्या खेड्यांत अहिराणी घरोघर आहे, पण १८६९ पासून ती गावे नाशिकची. उलट रावेर, यावल, भुसावळकडे लेवा आणि तावडी बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. भाषेने हद्द ठरवली असती तर सटाण्याला कोणी नाशिककर म्हटले नसते आणि फैजपूर वेगळे निघाले असते. लोक मात्र फैजपूरला बिनदिक्कत खानदेशात धरतात. १९३६ च्या तिथल्या काँग्रेस अधिवेशनाचा अभिमान धुळेकरही सांगतात. ही आपलेपणाची रेषा भाषेच्या रेषेवरून जात नाही. ती ८८ वर्षे एकसंध राहिलेल्या जिल्ह्याच्या रेषेवरून जाते.

१९०६ मध्ये हा जिल्हा दुभंगला. त्याची कारणे आकड्यांत दिसतात. १९०१ च्या जनगणनेत खानदेशचे क्षेत्र १०,०४१ चौरस मैल आणि लोकसंख्या १४,२७,३८२ होती. पूर्व खानदेशाच्या वाट्याला ४,५४४ चौरस मैल आणि ९,५७,७२८ माणसे आली, पश्चिमेच्या वाट्याला ५,४९७ चौरस मैल आणि ४,६९,६५४ माणसे. पूर्वेला चौरस मैलामागे २०० हून अधिक माणसे, पश्चिमेला ८५ च्या आसपास. मोठा जिल्हा एका अधिकाऱ्याला झेपत नव्हता हे खरेच, पण कापायची रेषा भूगोलाने आणि रेल्वेने आधीच दाखवून ठेवली होती. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-जळगावावरून गेली. त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवीने कापसाला कधी नव्हता तो भाव आला, आणि जळगाव हे पेठेचे गाव झाले. धुळे मुख्य मार्गापासून दूर राहिले. चाळीसगावहून तिथे फाटा गेला तो १९०० साली. काळी जमीन, कापूस, केळी आणि रेल्वे एकीकडे. डोंगर, जंगल, मेवास आणि कमी पावसाची माळराने दुसरीकडे. इथे मला माझेच विधान थोडे सैल करावे लागेल. १९०६ ची रेषा दप्तराने ओढली, पण मातीचे आणि पावसाचे ऐकून ओढली. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाले, तेव्हाही तेच झाले. सातपुड्याचा आणि नवापूरचा आदिवासी पट्टा वेगळा निघाला आणि धुळ्याकडे धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चारच तालुके उरले.

१९६० मध्ये मात्र भूगोलाचे ऐकून भूगोलच तोडला गेला. मुंबई राज्याचे दोन भाग होताना पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावे गुजरातेत गेली, आणि त्यामागे उकाई धरणाचा विचार होता. धरण १९७२ साली पुरे झाले. ज्या मोकळ्या पश्चिम तोंडाविषयी वर लिहिले, तिथे आज राज्याची सीमा आणि धरणाचे फुगवट्याचे पाणी एकमेकांत गुंतले आहेत. महसुलाच्या दृष्टीने तिन्ही जिल्हे नाशिक विभागात आहेत, म्हणजे ज्या जिल्ह्याला खानदेशने आपले तालुके दिले त्याच्याच आयुक्तालयाखाली. गुजरातेत गेलेली गावे सोडली तर जुनी हद्द उरली ती एका वेगळ्या ठिकाणी. १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या आणि आता बहिणाबाई चौधरींचे नाव असलेल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे, नंदुरबार एवढेच आहे. १९०६ पूर्वीचा कलेक्टर ते क्षेत्र पाहताच ओळखील.

हा सगळा वाद केवळ जुन्या कागदांचा असता तर मी तो इतका ताणला नसता. पण जिल्ह्याची रेषा पाण्यावरून जाते तेव्हा तिची किंमत शेतकरी मोजतो. पांझरा पिंपळनेरच्या डोंगरात निघून मुडावदला तापीला मिळेपर्यंत बहुतांशी एकाच जिल्ह्यात वाहते, त्यामुळे तिच्या आवर्तनाचा निर्णय धुळ्यात बसून करता येतो. गिरणेचे तसे नाही. गिरणा धरण आहे नांदगाव तालुक्यात, म्हणजे १८६९ मध्ये नाशिकला दिलेल्या भागात. त्याच्या पाण्यावर जगतात चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल, आणि खालचे जामद्याचे कालवेही. वर चणकापूर धरण, मालेगाव शहराची तहान, मध्ये दोन जिल्ह्यांच्या दोन बैठका, आणि खाली मार्चमध्ये आवर्तनाची वाट पाहणारा पाटकरी. तापी खोऱ्यासाठी जळगावला स्वतंत्र पाटबंधारे महामंडळ आहे, आणि ते जिल्ह्याऐवजी खोऱ्याने विचार करते, ही या भागाला मिळालेली सर्वांत शहाणी व्यवस्था आहे असे मी मानतो. आज मालेगाव जिल्ह्याची मागणी आहे, भुसावळ जिल्ह्याचीही आहे, आणि दोन्हींमागे खरी गैरसोय आहे. त्या रेषा कधी आखल्याच, तर लोकसंख्या आणि अंतर यांच्या तक्त्याशेजारी गिरणेच्या आणि तापीच्या कालव्यांचा नकाशा ठेवून आखाव्यात. १८६९ मध्ये तो ठेवला गेला नव्हता, कारण तेव्हा गिरणेवर ते धरणच नव्हते.