‘स्पिरिट’ : एका नावाचा इतिहास

मराठी भाषकाच्या व्यवहारात ‘स्पिरिट’ हा शब्द अनेक ठिकाणी भेटतो. दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरविला जातो; शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटतो; लाकडाला पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटातच विरघळवितो. परंतु या सर्व ठिकाणचे द्रव्य एकच असेल असे मुळीच नाही. नाव एक आणि द्रव्ये अनेक ही स्थिती कशी उत्पन्न झाली आणि तिचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अल्कोहोल’ हा शब्द मूळचा अरबी. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा बारीक सुरमा. पुढे युरोपातील किमयागारांनी कोणत्याही पदार्थाच्या सूक्ष्म सारास हे नाव दिले आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने ते द्राक्षमद्याच्या सत्त्वास लावले. ‘स्पिरिट’चे मूळ श्वासवाचक लॅटिन शब्दात आहे. ऊर्ध्वपातनाने मिळालेले सार या अर्थाचा मराठी ‘अर्क’ हाही अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. सार काढण्याची क्रिया किंवा त्या साराची सूक्ष्मता या शब्दांतून सूचित होते. ते सार कशाचे आणि त्याचा गुण कोणता, हे त्यांपैकी एकही शब्द सांगत नाही. नामातील ही मोकळी जागाच पुढे घातक ठरली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील उद्योगांना स्वस्त मद्यार्काची निकड भासू लागली. परंतु त्यावरील कर जबर होता. १८५५ च्या कायद्याने यातून मार्ग काढला. नऊ भाग मद्यार्कात एक भाग लाकडापासून काढलेला नॅप्था मिसळला, की ते मिश्रण करमुक्त होई. या नॅप्थ्यातील मुख्य घटक मिथेनॉल होय. मिश्रण पिण्यास अयोग्य व्हावे आणि महसूल बुडू नये, एवढाच यातील हेतू होता. अशा रीतीने विष द्रव्यात शिरले ते करपद्धतीच्या सोयीसाठी. नव्या द्रव्यास ‘मेथिलेटेड स्पिरिट’ असे नाव मिळाले. पण बोलण्यात विशेषण गळाले व विशेष्य तेवढे उरले. भाषेत असा संक्षेप नित्य घडतो. येथे मात्र गळालेला शब्दच सावधानतेचा होता.

अमेरिकेत १९०६ मध्ये असाच कायदा झाला. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात औद्योगिक मद्यार्क चोरून शुद्ध करून विकला जाऊ लागला, तेव्हा १९२६ च्या अखेरीस सरकारने त्यातील विषाचे प्रमाण वाढविण्याचे ठरविले. न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या धोरणाचा जाहीर निषेध केला. याच सुमारास, १९२० मध्ये, पेट्रोलियमच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या प्रोपिलीन वायूपासून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. परिणामी ‘रबिंग अल्कोहोल’, म्हणजे अंगाला चोळण्याचे अल्कोहोल, या एका नावाखाली तेथे दोन द्रव्ये विकली जाऊ लागली : एकात विकृत केलेले इथेनॉल, तर दुसऱ्यात आयसोप्रोपिल; दोहोंचे प्रमाण सुमारे ७० टक्के.

हे प्रमाण सहेतुक आहे. जंतूंच्या प्रथिनांचा नाश होण्यास पाण्याची उपस्थिती लागते. म्हणून निर्जल अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचे द्रावण अधिक परिणामकारक ठरते. तथापि काही जंतूंचे बीजाणू त्यानेही मरत नाहीत. ताप उतरविण्यासाठी लहान मुलांचे अंग अशा द्रावणाने पुसण्याची प्रथा एके काळी पाश्चात्त्य देशांत रूढ होती. त्वचेतून व श्वासावाटे शोषण होऊन मुले बेशुद्ध झाल्याच्या नोंदी झाल्या आणि ती प्रथा त्याज्य ठरली. याखेरीज हे द्रव्य ज्वालाग्राही आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पोटात गेल्यावर मात्र या तिन्ही द्रव्यांचे मार्ग वेगळे होतात. आयसोप्रोपिलचे शरीरात अॅसिटोन होते. त्याने गुंगी, वांती व क्वचित श्वासावरोध संभवतो. मिथेनॉलचे प्रथम फॉर्मल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल दृष्टिनाडीवर आघात करते. दृष्टी जाते आणि पुष्कळदा प्राणही जातो. प्रारंभी कित्येक तास साध्या नशेपलीकडे लक्षण दिसत नाही, ही त्यातील विशेष भयावह गोष्ट होय.

मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ‘मद्य’ या शब्दाच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सर्व द्रव समाविष्ट केले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात ही व्यापक व्याख्या मान्य केली. परंतु औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांवरील निर्बंध रद्द ठरविले. कायद्याने शब्दाची सीमा आखली, तरी बाटलीतील द्रव्य अनोळखीच राहिले. १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत नव्वदांहून अधिक, तर २०१५ मध्ये मालवणीत शंभरांहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने मृत्युमुखी पडली. यवतमाळ जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. ती सुदैवाने वाचली. त्याच जिल्ह्यातील वणी येथे एप्रिलमध्ये, दारूची दुकाने बंद असता, सॅनिटायझर प्यायल्याने काही मजूर दगावले. ‘सॅनिटायझर’ हे नावही वस्तूचा उपयोग सांगते, घटक सांगत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, राज्यघटनेतील ‘मादक मद्य’ या संज्ञेत औद्योगिक मद्यार्काचाही अंतर्भाव होतो असा निर्णय दिला. राज्यांच्या अधिकारासाठी संज्ञा व्यापक असणे इष्ट असेल. परंतु सामान्य ग्राहकाची गरज याच्या नेमकी उलट आहे. त्याला व्यापक संज्ञा नको, भेददर्शक नाव हवे. इथेनॉल, मिथेनॉल व आयसोप्रोपिल हे शब्द मराठी पाठ्यपुस्तकांनी केव्हाच स्वीकारले आहेत. ते बाटलीवर ठळक देवनागरीत आणि ‘पिण्यास विषारी’ या दोन शब्दांच्या सोबतीने छापले जाणे, हे परिभाषेचे काम आहे तितकेच ते आरोग्यरक्षणाचेही आहे.